जून उजाडला की निळी शाई फुटू लागते, त्यावर उपाय

शाईपेनाने रोज लिहिणाऱ्या किनारपट्टीवरच्या माणसाला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात रेखीव उमटणारी निळी शाई मृगाचा पाऊस स्थिरावला की कागदावर फुटायला लागते. अक्षरांच्या कडांना बारीक तंतू येतात, अनुस्वाराचा टिंब फुगतो, पानामागे निळे डाग उमटतात आणि ओळ संपवून हात खाली सरकला की शिरोरेघ फरफटते. माणूस शाईला दोष देतो आणि दुसऱ्या कंपनीची बाटली आणतो. तीही फुटते. मग तो पेन बदलतो. नवरात्रानंतर हवा सुकली की पहिलीच शाई, पहिल्याच पेनातून, पुन्हा नीट चालते आणि पुढच्या जूनपर्यंत हा विषय मागे पडतो.

मी राजापूर तालुक्यात राहतो. गावातल्या वाचनालयाची देवघेव वही, सभेची इतिवृत्तं आणि स्वतःची डायरी शाईपेनानेच लिहितो, त्यामुळे पावसाचे चार महिने हा प्रश्न रोज समोर असतो. बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने माझं मत ठाम झालं आहे: पावसाळ्यात आधी कागद तपासा, मग पेन, आणि शाई सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलट क्रमाने जातात, म्हणून कपाटात अर्ध्या भरलेल्या बाटल्या साठतात आणि अक्षर तसंच फुटत राहतं.

कागदात काय होतं

कागद म्हणजे लाकडाच्या, बांबूच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या तंतूंचा थर. तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप ओढलं जातं. टिपकागद शाई शोषतो तो याच गुणामुळे. लिहिण्याच्या कागदाने तसं करू नये म्हणून कारखान्यात त्याला खळ देतात. पूर्वी राळ आणि तुरटी वापरत, आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम रसायनं आणि स्टार्च असतं. खळ चांगली बसली असेल तर शाई वरच थांबते आणि थांबलेल्या जागी सुकते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. झड लागली की दिवसचे दिवस हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. पापड सादळतो तसाच कागदही सादळतो. कोरड्या हवेत कागदाच्या वजनात पाच-सात टक्के पाणी असतं, अशा हवेत ते दहा टक्क्यांच्या पुढे जातं. तंतू फुगतात, खळीचा अडथळा कमी पडतो आणि शाईतलं पाणी तंतूंच्या कडेकडेने वाट काढतं. त्यात भर म्हणजे हवेत आधीच इतकी वाफ असते की शाईतलं पाणी लवकर उडत नाही. मे महिन्यात दहा सेकंदांत सुकणारी रेघ जुलैत अर्धा मिनिट ओली राहते, आणि त्या अर्ध्या मिनिटात ती पसरत असते. शाई तीच असूनही निकाल वेगळा येतो, याचं कारण एवढंच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एखादी जाड वही घ्या. ती महिनाभर उघड्या फडताळात राहिलेली असावी. मधलं एखादं पान उघडा आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकच ओळ लिहा. शिवणीजवळ आणि पानाच्या मधोमध अक्षरं बऱ्यापैकी साफ येतात. बाहेरच्या कडेकडे जाल तसे तंतू वाढत जातात, आणि शेवटचं अक्षर तर पार विस्कटतं. मिटलेल्या वहीत ओल कडांकडून आत शिरते, मधल्या भागाला पोचायला तिला वेळ लागतो. एकाच ओळीत, त्याच पेनाने, त्याच शाईने एक टोक साफ आणि दुसरं फुटलेलं दिसलं, की शाईला दोष देण्याचं कारण उरत नाही. मला कोणी "शाई खराब निघाली" असं सांगितलं की मी आधी हेच विचारतो: पानात कुठे फुटते?

दुसरी परीक्षा शाईशिवायची. कागदावर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा. खळ चांगली आणि कागद कोरडा असेल तर थेंब मिनिटभर तरी गोल उभा राहतो. सादळलेल्या किंवा कमी खळीच्या कागदावर तो लगेच बसतो, पसरतो आणि मागच्या बाजूला डाग दिसू लागतो.

आता यातला फरक ओळखायचा: कागद मुळातच हलक्या प्रतीचा आहे की चांगला कागद सादळला आहे? त्याच रीममधले दोन कागद घ्या. एकावर मध्यम गरम इस्त्री फिरवा, दोन्ही बाजूंनी, आणि गार होताच दोन्ही कागदांवर तेच वाक्य लिहा. लगेच लिहायला हवं, कारण सुटा कागद हवेतली ओल पुन्हा झटकन घेतो. इस्त्री केलेल्या कागदावर अक्षर साफ आलं तर तुमची शाई आणि पेन दोन्ही ठीक आहेत, कागद नीट ठेवण्याची सोय करा. दोन्हींवर सारखंच फुटलं तर एक तर तो कागद शाईपेनाचा नाही, नाहीतर पेन जास्त शाई सोडतं आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिने बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

कागद जाड घेतला की शाई फुटत नाही, हा समज बाजारात फार पक्का आहे. जाडीमुळे मागे डाग उमटणं कमी होतं, पण फुटणं खळीवर अवलंबून असतं. चांगल्या खळीचा ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, कागद वाईट खळीच्या १०० जीएसएमच्या कागदापेक्षा नक्की चांगला. कागदाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. एका बाजूला हात फिरवला तर ती जरा गुळगुळीत लागते. दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब ठेवून पाहा, जी बाजू जास्त वेळ तग धरते तिथे लिहा.

देवनागरीचा वेगळा त्रास

शाईच्या परीक्षणांमध्ये नमुना म्हणून बहुतेक वेळा इंग्रजी वाक्य लिहिलेलं असतं. आपल्याला त्याचा अर्धाच उपयोग. देवनागरी लिहिताना शाई वेगळ्या ठिकाणी साचते.

शब्द लिहून झाला की आपण शिरोरेघ ओढतो. ही पानावरची सगळ्यांत लांब सलग रेघ. प्रत्येक अक्षराचा उभा दंड तिला जिथे मिळतो तिथे आधीची शाई अजून ओली असते, आणि त्याच बिंदूवर पुन्हा शाई पडते. भिंगाने पाहा: फुटणं जवळजवळ नेहमी या सांध्यांपासून सुरू होतं. 'आ' मध्ये दोन दंड जवळजवळ असतात, तिथे दोन सांध्यांची शाई एकमेकींकडे सरकते आणि रेघेखाली निळा त्रिकोण तयार होतो. जोडाक्षरांत हे आणखी वाढतं. 'द्ध', 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटातली मोकळी जागा आधीच थोडी, ती भरून जाते. 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की 'ब' आणि 'व' ओळखता येत नाहीत. 'ष' आणि 'प' चं तेच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत फरक असतो तो डोक्यावरच्या छोट्या खाचेचा, आणि ती खाच नेमकी शिरोरेघेला लागून असते. देवघेव वहीत वाचकाचं नाव 'भोसले' आहे की 'मोसले' हे सप्टेंबरात कळेनासं होतं ते यामुळे.

म्हणून मी शाई तपासायला एक ठरलेलं वाक्य वापरतो: "आबांच्या घराजवळच्या धबधब्याखाली ठेवलेला षट्कोनी डबा भरभर भरला." यात घ, ध, भ, ब, ष, ठ सगळे आले, अनुस्वार आला, जोडाक्षरं आली. लिहून झाल्यावर हात लांब करून धरा. 'धबधब्याखाली' हा शब्द अडखळल्याशिवाय वाचता आला तर ती शाई त्या कागदावर चालेल. भिंग असेल तर उत्तमच, पण खरी कसोटी वाचता येणं हीच.

सवयीत एक छोटा बदल केला तर फार फरक पडतो. प्रत्येक शब्दाला लगेच शिरोरेघ न देता दोन-तीन शब्द लिहून घ्या, मग मागे येऊन रेघ ओढा. तेवढ्यात दंडांची शाई बसलेली असते आणि सांध्यावर साचत नाही. मोडीत आधी पानभर रेघा मारून घेत आणि मग त्यांना अक्षरं लटकवत. देवनागरीतही आखीव वही वापरून शिरोरेघ न देता लिहिणारे आहेत. झडीच्या दिवसांत कच्च्या टिपणांसाठी तसं लिहिलं तर काही बिघडत नाही. कार्यालयीन नोंदीत मात्र रेघ हवीच.

कागद कोरडा ठेवण्याची सोय

आगोटीच्या खरेदीत आपण तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी भरून ठेवतो. कागदही तेव्हाच भरावा. मेअखेरपर्यंत चार महिन्यांचा कागद घेऊन ठेवला तर तो कोरडा मिळतो. पावसात दुकानात दाराजवळ उघड्यावर असलेला रीम घरी आणून सुकवण्यात अर्थ नाही. घ्यावाच लागला तर, "काका, आतल्या गठ्ठ्यातला, वेष्टन न फाटलेला द्या," असं स्पष्ट सांगा. रीमचं मूळ वेष्टन ओल अडवणारं असतं, ते एकदम फाडू नका. एका टोकाला कापून लागतील तेवढे कागद काढा आणि टोक दुमडून चिकटपट्टी लावा.

घरी आणल्यावर झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा सगळ्यांत चांगला. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुडी कायम काम करत नाही, ती ओल घेऊन भरते. जेलचे दाणे बाहेर काढून, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या कोरड्या कढईत मंद आचेवर तापवले की ते पुन्हा कामाला येतात. पुडीसकट तापवू नका, वेष्टन वितळतं. दाण्यांऐवजी चुना ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण चुन्याची पूड कागदावर आणि मग शाईवर बसते. निळ्या धुता येण्याजोग्या शाईचा रंग अल्कलीत मरतो, त्यामुळे चुना कागदापासून लांबच बरा.

जुन्या घरांमध्ये कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती. कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून ती होती, आणि ती कागदालाही उपयोगी आहे. आता त्या जागी एलईडी लावला तर उजेड मिळतो, ऊब जवळजवळ मिळत नाही. चिऱ्याच्या भिंतीला टेकून कपाट असेल तर आधी ते चार बोटं पुढे ओढा.

रोजची चालू वही डब्यात ठेवणं जमत नाही, हे मान्य. ती निदान रात्री डब्यात जावी. सकाळी काढलेली वही दुपारपर्यंत ठीक चालते.

पेनाकडे वळू या

कागद कोरडा असूनही अक्षर जाड आणि ओलं येत असेल तर पेन जास्त शाई सोडतं आहे. बारीक निब लावा. रुंद निबमधून शाई सुंदर दिसते, पण दमट हवेत तिला सुकायला जागा मिळत नाही. माझ्या मते जून ते सप्टेंबर बारीक निबचेच दिवस आहेत. निब हाताने दाबून फट कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. निब आणि तिच्याखालची जीभ, म्हणजे शाई निबपर्यंत पोचवणारा खाचांचा तुकडा, बाहेर काढून साफ करून नीट एकमेकींना चिकटवून बसवली, तरी पुष्कळदा प्रवाह ताळ्यावर येतो.

ड्रॉपरने शाई भरायची पेनं, म्हणजे ज्यांची अख्खी नळी शाईने भरते ती, आपल्याकडे अजून खूप वापरात आहेत. ती गळतात, आणि त्याचं खापरही शाईवर फुटतं. नळी अर्ध्याहून रिकामी झाली की आत हवा जास्त असते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला निबकडे ढकलते. एक मोठा थेंब पानावर पडतो. उपाय सोपा आहे: नळी पाव भागावर यायच्या आधीच पुन्हा भरा आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. कोल्हापूरला जाताना आंबा घाट चढणाऱ्या गाडीत हेच वेगळ्या कारणाने होतं. वर हवेचा दाब कमी, पेनाच्या आत खालचाच दाब. खिशात निब वर करून ठेवा, आणि पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं असू द्या.

उलट तक्रारही येते, की पेन मधेच लिहायचं थांबतं, विशेषतः पानाच्या खालच्या अर्ध्या भागात. तिथे हात टेकून टेकून कागदाला तेल लागलेलं असतं. डोक्याला खोबरेल लावून हात पुसून लिहायला बसलो तरी ते कागदावर उतरतं, आणि तेलावर पाण्याची शाई धरत नाही. घाम असेल तर त्याच जागी शाई फुटते. दोन्हींवर इलाज एकच, हाताखाली एक जाड कागद ठेवायचा आणि ओळीबरोबर तो खाली सरकवायचा.

पेन धुताना शेवटचा हात चांगल्या पाण्याचा असावा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्यातलं मीठ निबच्या फटीत राहून स्टीलला खातं. पावसात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असते, तिचा गुणच रंग उडवण्याचा. धुवायला ते पाणी चालेल, शाईत मिसळायला मुळीच नको. पेट्रोल पंपावर किंवा इन्व्हर्टरवाल्याकडे मिळणारं बॅटरीचं शुद्ध पाणी स्वस्त आहे. फक्त ते पाणीच आहे, ॲसिड नाही, हे लेबल वाचून घ्या.

आता शाई

एवढं सगळं झाल्यावर शाई तपासण्यात अर्थ आहे, आणि ती तपासायची तर पावसाळ्यातच. मे महिन्यात कुठलीही शाई गुणी वाटते.

रोजच्या लिखाणाला बहुतेकांच्या हाती असते ती रॉयल ब्लू. या रंगाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. पार्करची क्विंक बाजारात आली तीही १९३१ मध्ये, लवकर सुकणारी शाई म्हणून. बंगालची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या हाकेतून जन्मलेली. शाळेच्या बाकावर ज्यांची बोटं निळी झाली त्यांच्यासाठी हा रंग म्हणजेच शाई. मलाही तो सगळ्यांत आवडतो, वाचताना डोळ्यांना त्रास देत नाही.

पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरा. धुता येण्याजोगी रॉयल ब्लू शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कागदावर सुकल्यावरही तो पाण्यात पुन्हा विरघळतो. कौलातून टपकलेला एक थेंब पुरेसा. उजेडातही तो फिका पडतो. दुरुस्तीला सोपी, कपड्यावरून निघणारी, पेनाला त्रास न देणारी ही शाई डायरीला, पत्राला, शाळेच्या वहीला उत्तम. ज्या नोंदीला पुढची वीस-तीस वर्षं टिकायचं आहे तिला नको.

दुसरा प्रकार निळ्या-काळ्या लोहयुक्त शाईचा. हिरडा, मायफळ अशा पदार्थांत असतं तसं टॅनिन आणि लोहाचा क्षार यांची ही शाई. लिहिताना निळी दिसते, कारण दिसण्यापुरता निळा रंग घातलेला असतो. हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन पाण्यात न विरघळणारं काळं संयुग तंतूंतच तयार होतं. पाणी पडलं तर निळा रंग वाहून जातो, राखाडी-काळी रेघ राहते. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक आणि जपानच्या प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक याच जातीच्या. या शायांचा प्रवाह जरा कोरडा असतो आणि साध्या कागदावरही त्या फुटायला कमी तयार असतात. कोकणातल्या पावसाळ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. मात्र ती आम्लधर्मी आहे. पेनात महिनोन्‌महिने भरून ठेवू नका, दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा, आणि दुसऱ्या कुठल्याही शाईत मिसळू नका. मिसळलं तर गाळ बसतो आणि जीभ तुंबते.

तिसरा प्रकार पिगमेंटचा, उदाहरणार्थ सेलरची सेईबोकू. यात रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. सुकल्यावर पाण्याला दाद देत नाहीत आणि कागदाच्या वरच्या थरातच थांबतात, म्हणून फुटणंही कमी. किंमत जास्त, आणि पेनात सुकू दिली तर काढणं अवघड. चित्रकलेची काळी ड्रॉइंग शाई मात्र हिची बहीण समजू नका. त्या शाईतलं लाखेसारखं बंधक द्रव्य शाईपेन कायमचं बंद करतं.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेन तेच, धुऊन पूर्ण वाळवलेलं, कागद डब्यातला कोरडा आणि शेजारी मुद्दाम बाहेर ठेवलेला सादळलेला. दोन्हींवर ठरलेलं वाक्य लिहा. त्याखाली पाच आडव्या रेघा मारा आणि काही सेकंदांच्या अंतराने एकेका रेघेवरून कोरडं बोट फिरवा. कुठल्या रेघेपासून फरफट थांबली ते तिथेच लिहून ठेवा. तारीख आणि त्या दिवशीची हवा, झड होती की उघडीप, हेही लिहा. त्याशिवाय पुढच्या वर्षी त्या कागदाचा काही उपयोग नाही. पाण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी करा, कारण लोहयुक्त शाईला काळी पडायला वेळ लागतो. थेंब ठेवा, मिनिटभर थांबा, टिपकागदाने उचला, चोळू नका. उजेडाची चाचणी पावसात होतच नाही, ती मेच्या उन्हावर सोडा. अर्धा कागद पुठ्ठ्याने झाकून खिडकीला लावला की झालं.

शाई फुटू नये म्हणून तिच्यात डिंक घालण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. बोरूच्या आणि टाकाच्या शाईत डिंक योग्यच होता, तिथे तुंबायला काही नसतं. शाईपेनाच्या जिभेतल्या बारीक खाचांत तो सुकून बसतो. बाटली उघडी ठेवून शाई घट्ट करण्याचाही विचार करू नका. दमट हवेत पाणी उडणार नाही, पण बुरशीचे कण आत पडतील.

बुरशी हा पावसाळ्यातला खरा धोका. महिनाभर न उघडलेली बाटली वापरण्याआधी हलवू नका, आधी उजेडात तिरकी धरून पाहा. पृष्ठभागावर साय, काचेला चिकटलेले लिबलिबीत पुंजके किंवा बंद माळ्यावर येतो तसला कुबट वास असेल तर ती बाटली संपली. गाळून वापरू नका. तिच्यात बुडवलेलं पेन सुटं करून भांडी घासायच्या द्रवाने आणि मऊ ब्रशने धुवा, जीभ स्वच्छ होत नसेल तर बदला, नाहीतर पुढची बाटलीही त्याच पेनामुळे जाईल. हे टाळायला मोठ्या बाटलीत निब बुडवणं बंद करा. स्वच्छ ड्रॉपरने आठवड्यापुरती शाई छोट्या बाटलीत काढा आणि पेन त्यातून भरा.

माझी सध्याची वाटणी अशी आहे. वाचनालयाच्या नोंदवहीला आणि इतिवृत्तांना वर्षभर निळी-काळी लोहयुक्त, बारीक निबमधून. शाळेचं जनरल रजिस्टर लिहिणाऱ्यांनीही धुता येणारी निळी तिथे वापरू नये, जन्मतारखेचा उतारा काढायला माणूस चाळीस वर्षांनीही येतो. डायरीला ऑक्टोबर ते मे रॉयल ब्लू, पावसात तीच शाई पण डब्यातल्या कागदावर. पिगमेंटची शाई पाकिटांवरच्या पत्त्यांपुरती, कारण पोस्टमनच्या पिशवीत पाकीट भिजतंच. पितृपक्ष संपून ऊन तापू लागलं की ती पेनातून काढून पेन धुऊन ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात ती टोपणाखालीही सुकते.